चित्र कोणाचं

मी बोलून पोट भरतो. केबलच्या एका चॅनेलवर दहा वर्षं मी संगणकावरच्या खेळाच्या सामन्यांचं समालोचन केलं. कोरियात, सोलमधले टॅक्सीवाले मला चेहऱ्याआधी आवाजावरून ओळखायचे. माझं नाव प्यो गीहान. बुद्धी बेताची आणि घसा दणकट, असं आमचे दिग्दर्शक माझ्यासमोरच म्हणायचे, आणि मला त्यात वावगं काही वाटत नसे.

मिरानताईला मात्र कोणीही कधी ओळखलं नाही. वॉन मिरान माझ्या मागच्या काचेच्या खोलीत बसायची. खेळाचं मैदान प्रचंड असतं आणि टीव्हीवर एका वेळी त्याचा जेमतेम एक तुकडा दिसतो. कोणता तुकडा, कधी आणि किती वेळ, हे ती एका माऊसवर ठरवायची. डावीकडे फौजा भिडलेल्या असताना उजवीकडे कोणीतरी गुपचूप खाण लुटत असतो. ताई अर्धा क्षण आधी तिथे पोचलेली असायची. प्रेक्षक ओरडायचे, मी त्यांच्याहून मोठ्याने ओरडायचो आणि श्रेय खिशात घालायचो. तिच्या कामाला ऑब्झर्व्हर म्हणतात. त्या कामाचा एकच नियम आहे: आपण आहोत हे प्रेक्षकाला कळता कामा नये. चूक झाली तरच लोक इंटरनेटवर शिव्या घालतात. दहा वर्षांत तिला अकरा वेळा शिव्या पडल्या होत्या आणि अकराही तारखा तिला तोंडपाठ होत्या.

खेळ बनवला होता कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने. त्याचं नाव इंग्रजी होतं, पण आम्ही नुसतं 'खेळ' म्हणायचो. तो दुसऱ्या कोणाचा आहे हे आम्ही साफ विसरलो होतो. संघांनी मिळून संघटना काढली, संघटनेने सामने दाखवायचे हक्क चॅनेलांना विकले, चॅनेलांनी जाहिराती विकल्या, आणि या सगळ्यात कंपनीला कोणी साधं विचारलंसुद्धा नाही. खेळाची खोकी धडाधड खपत होती तोवर कंपनीही गप्प होती. पुढे खेळाची नवी आवृत्ती आली, वकील आले, आणि कंपनीने विचारलं की आमचा खेळ तुम्ही कोणत्या हक्काने दाखवता?

संघटनेचे अध्यक्ष म्हणाले, "फुटबॉल शिवणारा कधी विश्वचषकाचे हक्क मागतो का?"

कंपनीचा वकील म्हणाला, "फुटबॉलचे नियम कोणा एकाने लिहिलेले नाहीत. हा खेळ आमच्या माणसांनी ओळ न् ओळ लिहिलाय."

खरं सांगायचं तर मी दोन्ही वेळा मान डोलावली. कंपनीने हक्क दुसऱ्या एका नव्या चॅनेलला देऊन टाकले. आम्ही दाखवायचं थांबवलं नाही, आणि प्रकरण कोर्टात गेलं.

हरलो तर आमचे मालक चॅनेलवर गाणी लावणार होते. माझं फारसं बिघडत नव्हतं. घसा असला की दुकानांची उद्घाटनं मिळतात. ताई एकोणचाळीस वर्षांची होती. तिच्यासारखी खुर्ची अख्ख्या देशात चार-पाच ठिकाणी असेल, आणि नव्या चॅनेलने आपली माणसं आधीच भरली होती. ही खुर्ची गेली की तिला परत माऊस धरायला मिळणार नव्हता.

आमचे वकील मेंग हुशार होते. त्यांचा मुद्दा असा: खेळ कंपनीचा, हे मान्य. पण टीव्हीवर दिसतं ते चित्र खेळ बनवत नाही, ते कोणीतरी माणूस बनवतो. म्हणजे चित्र आमचं. अख्खा दावा येऊन बसला मिरानताईच्या साक्षीवर.

"तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं," मेंगनी तिला बजावलं. "हे चित्र मी निवडते. मी ठरवते. मी बनवते."

साक्षीच्या आदल्या दुपारी आम्ही नेहमीच्या खानावळीत किमचीचं कालवण घेऊन बसलो. मी न्यायाधीश झालो.

"बोला बाई, हे चित्र कोण बनवतं?"

"म्हणजे, आमची सगळी टीम..."

"टीमला घाल चुलीत. कोण बनवतं?"

"मी." हे तिने भांड्यातल्या कालवणाला सांगितलं.

"ताई, चोरी केल्यासारखी काय बोलतेस! ताठ बस की जरा."

"तुला सोपं आहे रे. तुला लहानपणापासून स्वतःची आरती ओवाळायची सवय आहे."

"मग ओवाळ ना एकदा! दोन मिनिटांचं काम आहे."

ती हसली आणि माझ्या भातावर अंड्याचा तुकडा ठेवून विषय बदलला. आमच्याकडे तिच्या पिढीला असंच वळण आहे. कोणी कौतुक केलं की दोन्ही हात हलवायचे, "छे हो, मी कुठे काय केलं" म्हणायचं, आणि समोरच्याने तिसऱ्यांदा म्हटलं तरच गप्प बसायचं. मला वाटलं, कोर्टात विचारतीलच की तीनदा.

सोलच्या सोचो भागातल्या कोर्टात तिने पहिली वीस मिनिटं पाठ केलेलं सगळं नीट सांगितलं. मेंग खूश होते. मग न्यायाधीशांनी स्वतःच एक प्रश्न विचारला. म्हातारे गृहस्थ, आवाज मऊ, मनात काळंबेरं काही नाही.

"बाई, मी तुमचे दोन सामने पाहिले. मला खेळातलं काही कळत नाही, तरी शेवटपर्यंत उठवलं नाही. उत्तम काम आहे तुमचं. मला सांगा, यात तुमचं स्वतःचं असं काय असतं?"

त्यांनी कौतुक केलं, तिथेच घात झाला. ताईचे दोन्ही हात आपोआप वर आले.

"छे छे, माझं काही नसतं साहेब. सामना जिथे असतो तिथे मी जाते. मी माझ्या पदरचं काही घालत नाही."

न्यायाधीशांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. त्यांनी परत विचारलं नाही. कंपनीच्या वकिलाने उलटतपासणीही घेतली नाही. उठला, वाकून नमस्कार केला आणि बसला. मेंग समोरच्या कागदाकडे बघत राहिले.

पायऱ्यांवर मी तिच्यावर उखडलो. "काय केलंस हे? दोन शब्द बोलायचे होते!"

"मग खोटं बोलू?" तीही चिडली. "ज्या दिवशी मी माझं काही घालीन त्या दिवशी मला हाकलून द्यायला पाहिजे. हेच शिकवलंय ना मला? दहा वर्षं?"

मी टॅक्सीला हात केला आणि तिला आधी बसवलं.

निकाल विरुद्ध लागला. मार्चअखेरपर्यंत मुदत, त्यानंतर प्रक्षेपण बंद. निकालपत्रात तिचं नाव घालून लिहिलं होतं की चित्रात आपली भर काहीही नाही, हे साक्षीदार वॉन मिरान यांनी स्वतःच मान्य केलं आहे. दहा वर्षांत तिचं नाव छापून आलं ते हे. तिने ते पान दोनदा वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. मला तिची दया आली आणि रागही आला.

शेवटचा सामना मुदतीच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी दुपारी झाला. आमच्या चॅनेलचा शेवटचा आणि चॉन जेहोचाही. चोवीस वर्षांचा पोरगा, नावाजलेला खेळाडू, मंगळवारी सक्तीच्या सेवेसाठी सैन्यात भरती व्हायचा होता. दोन वर्षांनी परत येईल तेव्हा बोटांत तो वेग राहत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. स्टुडिओत तीनशे माणसं होती.

पाचव्या, निर्णायक डावात दोन्ही फौजा झुंजून संपल्या. आता दोघेही मिनिटभर आपापले तळ सावरणार, असं ज्याला खेळ कळतो त्या कोणीही सांगितलं असतं. पडद्यावर मैदानाचा एक रिकामा तुकडा होता. तो तसाच राहिला. मी म्हणालो, "काय ही शांतता!" पाच सेकंद गेली. मी म्हणालो, "वादळापूर्वीची!" आणखी पाच गेली. माझ्याकडचं संपलं. मी मागे पाहिलं. काचेआड मिरानताई मांडीवर हात ठेवून बसली होती.

मग लोकही मागे वळले. आधी पुढची रांग, मग तीनशेच्या तीनशे. ती चांगली सरळ बसून होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

विसाव्या सेकंदाला तिने माऊस धरला. चित्र जेहोच्या प्रतिस्पर्ध्याच्या तळावर गेलं आणि तिथे सगळं आटोपलेलं होतं. तळाचा दरवाजा बंद झालेला, उरलीसुरली फौज आत कोंडलेली. कशी, ते कोणी पाहिलं नाही. दोन मिनिटांत प्रतिस्पर्ध्याने हार मानली, जेहोच्या हातात करंडक आला, आणि संध्याकाळी बातम्यांत आलं की समोरच्याच्या ढिसाळपणामुळे चॉन जिंकला.

"मला वाटलं काही होणार नाही," ताई मला म्हणाली. "म्हटलं, बघू दे खेळाला स्वतःहून दाखवता येतं का. वीसच सेकंद. मी नीट वेळ निवडली होती रे."

"मग?"

"मग काय! त्याच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला डाव मी खाल्ला."

प्रत्येक सामन्याची नोंद खेळ स्वतःच एका फाईलमध्ये ठेवतो. ती उघडली की मैदान परत जिवंत होतं, कुठूनही बघता येतं. पण मुदत संपली होती. मेंगना फोन केला.

"लोकांना दाखवता येणार नाही," ते म्हणाले. "चार जणांना दाखवलंत तरी ते प्रदर्शन म्हणतील. एकाला दाखवलंत तर कोण विचारतंय?"

सोमवारी सकाळी जेहो आला. डोकं आधीच भादरलेलं होतं. ताई त्याच्यासमोर कंबरेत वाकली. पंधरा वर्षांनी लहान पोरासमोर ती इतकी खाली वाकलेली बघून तो बिचारा कावराबावरा झाला आणि तिच्याहून खाली वाकायला गेला.

"ताई, काय करताय! मी जिंकलोय ना?"

"बस इथे," ती म्हणाली.

त्याला तिने आपल्या खुर्चीशेजारी बसवलं. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो, मोजणीत यायला नको म्हणून. तिने ती वीस सेकंदं लावली. आधी ओसाड मैदान. मग कोपऱ्यातून निघालेल्या सहा मजूर गाड्या, खाणीतून खनिज ओढणाऱ्या, ज्यांना घेऊन कधी कोणी लढाई केली नव्हती. ती त्यांच्याबरोबर कड्याकडेने निघाली, मध्येच त्यांना सोडून शत्रूच्या फौजेकडे गेली, ती फौज निवांत उभी होती हे दाखवलं, आणि परत आली तेव्हा पहिली गाडी दरवाज्यात आडवी लागत होती. दुसरी. तिसरी. सहावी गाडी शिरायला जागा पुरेल की नाही, असं मला वाटलं आणि माझी मूठ आवळली गेली. निकाल मला ठाऊक होता, तरीही.

जेहो पुढे सरकून बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "मी खेळत होतो तेव्हा हे असं नव्हतं."

"असंच होतं. सगळं फाईलमध्येच आहे."

"नाही हो. मला नुसते सहा ठिपके दिसत होते. ढकलले आणि पुढच्या कामाला लागलो. हे असं आत्ता तुम्ही केलंत."

तिचे हात वर येतील म्हणून मी वाट पाहिली. ते माऊसवरच राहिले.

"परत बघायचंय?" तिने विचारलं.