पामगोलची नवी सून

पिलसुन सदुसष्ट वर्षांची झाली, तरी कोरियातल्या पामगोल या खेड्यात तिला अजून 'नवी सूनबाई'च म्हणत. तिच्यानंतर गावात लग्न होऊन कुणी आलंच नव्हतं. तिचा मुलगा, शेजाऱ्यांची मुलं, सगळी शिकायला म्हणून सोल-सुवोनसारख्या शहरांकडे गेली आणि तिकडचीच झाली. आता घरं तेवीस, माणसं एकतीस, आणि त्यांत तिच्याहून लहान एकही नाही. त्यामुळे म्हाताऱ्यांच्या विरंगुळा केंद्रात रोज दुपारी चौदा जणांचा स्वयंपाक आपसूक तिच्याकडे आला होता. सासू जाऊन वीस वर्षं झाली, नवराही गेला, पण सुनेचं काम काही सुटलं नाही.

गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत होते. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, दोन्ही बदलायला हवेत, नंतर दीड महिना विश्रांती. ती म्हणाली, लसणाची लागवड होऊ दे. मग म्हणाली, थंडीसाठीची किमची, कोबीचं तिखट लोणचं, होऊ दे. त्या नोव्हेंबरात दोनशे कोबी मिठात मुरवायला अकरा बायका जमल्या, पण सात जणींना वाकता येत नव्हतं. ओले, जड कोबी पाट्यांत भरून पिलसुनच नळापासून केंद्राच्या पडवीपर्यंत नेत होती. शेवटच्या पाटीला ती पायरीवर बसली आणि तिला उठता येईना. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सरपंच क्वोननी काखेत हात घालून तिला उठवलं, आणि मग दोघंही भिंतीला टेकून बराच वेळ धापा टाकत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी भात वाढता वाढता ती म्हणाली, "सोमवारी दवाखान्यात जातेय. दीड महिना मी नाही."



"तुझ्या वयात मी डोंगराखालून पाणी आणत होते," उल्जिनवाल्या म्हणाल्या. माहेर उल्जिनचं, म्हणून गावभर हेच नाव; पिलसुनची गावनात्याने थोरली जाऊ. अठ्ठ्याऐंशीच्या, पण जीभ तिखट.

"माझ्या वयात तुमच्या हाताखाली गावातल्या आम्ही तीन धाकट्या सुना होतो, जाऊबाई. मला एक तरी दाखवा."

उल्जिनवाल्या हसल्या. "तोंड शाबूत आहे हिचं. गुडघेच तेवढे गेलेत."

"पाळ्या लावू," सरपंच म्हणाले. "घरी करतातच ना सगळ्या जणी."

"आणि पुरुष?"

सरपंच सारात चमचा फिरवत राहिले.

शहरातल्या दवाखान्यात तिचे दोन्ही गुडघे बदलले. सरपंचांचा फोन यायचा, "सगळं व्यवस्थित आहे, तू पाय सांभाळ." तिसऱ्या आठवड्यात तिने उल्जिनवाल्यांना फोन लावला. कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सरपंच म्हणाले, "मुलाकडे गेल्यात." पिलसुनला नवल वाटलं. मुलाच्या पंधराव्या मजल्यावर दोन रात्री काढल्या तरी त्या वैतागून परत यायच्या.

जानेवारीत ती काठी टेकत गावात उतरली. उल्जिनवाल्यांच्या अंगणातल्या मातीच्या बरण्यांवर बर्फ साचला होता, तो कुणी झाडलेला नव्हता. ती तशीच सरपंचांच्या दारात गेली.

"खरं सांगा."

सरपंच खाली बघत म्हणाले, "त्यांची पाळी होती. साराचं पातेलं उचलायला गेल्या. कमरेपासून पायापर्यंत भाजलं. मुलानं शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलंय. तुला कळलं असतं तर तू टाके घेऊन धावत आली असतीस."

"मग काय बिघडलं असतं?"

"ते आम्हाला बघवलं नसतं, सूनबाई."

त्याच आठवड्यात ती वृद्धाश्रमात गेली. खाट ढकलणारी सेविकाच सत्तरीच्या घरातली होती. उल्जिनवाल्या वाळून अर्ध्या झाल्या होत्या.

"पातेलं कशाला उचललंत? डावानं काढायचं होतं."

"चौदा जणं भुकेली बसलेली. डावानं कधी काढणार?"

"मी गेले नसते तर हे झालं नसतं."

"मग तू पडली असतीस. कुणीतरी पडणारच होतं." त्यांनी पिलसुनचं मनगट धरलं. बोटं थंडगार होती. "मला घरी ने. तू बोललीस तर माझा मुलगा ऐकेल. तुझ्याच घरात राहीन. कोपऱ्यात."

पिलसुनने मनात हिशोब केला. दर दोन तासांनी कूस बदलायची, मलमपट्टी, संडास. तिला स्वतःला अजून जमिनीवरून उठायला खुर्ची धरावी लागत होती. नाही म्हणताना तिला वाटलं, आपण कुणाचा तरी हात सोडतोय.

"मला नाही जमायचं, जाऊबाई."

उल्जिनवाल्यांनी मनगट सोडलं. "जा मग. बस चुकेल."

गावात येऊन तिने सरपंचांना सांगितलं की चौदा जणांचा स्वयंपाक यापुढे एकटीने होणार नाही, आणि पातेलं कुणीही एकट्याने उचलायचं नाही. सरपंच वाद घालतील असं तिला वाटलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी टेकडीपलीकडच्या गावी गेले. तिकडे तर नऊच माणसं राहिली होती, तिकडची धाकटी सून एकाहत्तरची. दोन्ही गावांनी एकच केंद्र चालवायचं ठरवलं. आता रोज एक गाडी म्हाताऱ्यांना टेकडीवरून नेते आणि आणते. दोघी सुना स्टुलावर बसून भाज्या चिरतात. भांडी पुरुष घासतात, वाईट घासतात. पामगोलच्या केंद्राला कुलूप लागलं.

दर गुरुवारी पिलसुन डब्यात किमची घेऊन वृद्धाश्रमात जाते. उल्जिनवाल्या खातात, मीठ कमी पडलं म्हणून बोल लावतात, गावात कोण आजारी आहे ते विचारतात. घरी नेण्याचा विषय मात्र त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. पिलसुनला वाटतं, त्यांनी विचारावं. विचारलं तर काय सांगायचं, हे तिला अजून सुचलेलं नाही.