सरकारी गुत्ता

केदारने आयुष्यात एकच मोठी थाप मारली होती, आणि तीही सासऱ्यांना. हिमानीला बघायला गेला तेव्हा मनोहररावांनी पगार विचारला नाही, व्हिसा विचारला नाही. एवढंच विचारलं, "घेता का?" मनोहरराव राज्य उत्पादन शुल्क खात्यात इन्स्पेक्टर, हातभट्ट्या फोडण्यात हयात गेलेली. याच प्रश्नावर आधीची स्थळं त्यांनी दारातूनच परत पाठवली होती. केदार म्हणाला, "थेंबही नाही." झालं, लग्न ठरलं. तेव्हापासून सासरे गावभर सांगत सुटले की माझा जावई लाखात एक, अमेरिकेत राहून कोरडा. ते आले की केदारच्या रेडमंडच्या घरातल्या बाटल्या गॅरेजमध्ये, गवत कापायच्या यंत्रामागे जायच्या.

या वर्षी सासरे आले असताना सगळे यूटाला फिरायला गेले. शेजारच्या केबिनमध्ये केदारच्या ऑफिसातली मंडळी उतरली होती. सासरे झोपले की तू ये आणि बाटली घेऊन ये, असं त्यांचं फर्मान होतं. त्या राज्यात दारू विकतं ते सरकार, आणि गावात दुकान एकच. केदारने हिमानीला डोळ्यांनी खुणावलं आणि मोठ्याने म्हणाला, जरा सरकारी ऑफिसात जाऊन येतो, पार्कचा परवाना काढायचाय. चूक झाली ती तिथेच. दुसरं काहीही सांगितलं असतं तर मनोहरराव लोळत पडले असते. पण सरकारी ऑफिस म्हटल्यावर ते बूट घालून गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसलेसुद्धा. सरकारी माणसाशी कसं बोलायचं ते या कॉम्प्युटरवाल्यांना काय कळणार, असं त्यांचं म्हणणं.

दुकानावर पाटी होती. मनोहररावांनी ती वाचली, पुन्हा वाचली.

"केदारराव, हे तर दारूचं दुकान."

आहे, पण सरकारी आहे बाबा, परवाना इथेच मिळतो बहुतेक, असं काहीतरी केदार बरळला. दुसरा कोणी असता तर भडकला असता. मनोहरराव मात्र हरखले. ज्या खात्यापायी हाडं झिजवली ते खातंच इथे गल्ल्यावर बसलेलं! ना भेसळ, ना करचुकवेगिरी. हे तर रामराज्य, म्हणत ते आत शिरले आणि थेट तपासणीला लागले. बाटली उजेडात धरायची, सील नखाने चाचपायचं, वाकडी ठेवलेली सरळ करायची. बघता बघता गिऱ्हाइकं त्यांनाच विचारायला लागली. एका बाईला पार्टीसाठी वाइन हवी होती. त्यांनी गंभीरपणे एक बाटली तपासून तिच्या हातात ठेवली, ती आभार मानून गेली, आणि तिच्यामागे रांगच लागली. जन्मात थेंब न चाखलेला माणूस अख्ख्या दुकानाला सल्ले देत होता आणि केदार बिचारा रिकामी ट्रॉली ढकलत त्यांच्यामागे फिरत होता.

व्हिस्कीच्या फळीपाशी मात्र ते एक बाटली हातात घेऊन थांबले. आवाज खाली आला.

"हजारो बाटल्या रोलरखाली घातल्या मी, केदारराव. वासाने डोकं उठायचं. पण यात माणसाला एवढं मिळतं तरी काय, ते काही कळलं नाही. विचारणार कोणाला, आरोपींना? आणि तुम्हीही माझ्यासारखेच कोरडे."

केदारला म्हाताऱ्याचं एकदम वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की त्याचं तोंड सुटायचं. "पहिल्या घोटाला घसा जळतो, बाबा," तो म्हणाला. "मग धुराचा वास येतो, ओल्या लाकडाचा. ही जरा गोडसर. हिच्यात बर्फ घालायचा नाही, दोन थेंब पाणी पुरे. दुसऱ्या पेगला..."

आणि आपण काय बोलतोय ते त्याच्या लक्षात आलं.

मनोहररावांनी हातातली बाटली ट्रॉलीत ठेवली आणि काउंटरकडे चालू लागले.

काउंटरवरच्या माणसाने दोघांचंही ओळखपत्र मागितलं. एकत्र आलात, तर दोघंही एकवीसच्या वरचे असल्याचा पुरावा हवा. मनोहररावांचा पासपोर्ट केबिनवर. केदारने सासऱ्यांच्या पांढऱ्या भुवया दाखवल्या, कवळीचा दाखला दिला. मला दिसतंय, पण नियमाला दिसत नाही, असं तो माणूस शांतपणे म्हणाला, आणि मनोहररावांनीच मान डोलावली. त्यांना ते मनापासून पटलं होतं. केदारची थापही गेली आणि बाटलीही गेली.

तेवढ्यात मनोहरराव पुढे झाले. सदरा नीट केला आणि कोर्टात साक्ष द्यायचे तसे, एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत म्हणाले, "माझा जावई दारू पीत नाही. हे गृहस्थ कोण, मला माहीत नाही."

आणि केदारकडे न बघता ते बाहेर गेले.

मग काय, दोघं एकत्र नाहीत म्हटल्यावर नियमाची अडचणच उरली नाही. बाटली पिशवीत घालून मिळाली. सासऱ्यांनी आपल्याला सोडवलं की टाकलं, हे काही केदारला कळेना. तो पिशवी घेऊन गाडीपाशी आला, तर पुढची सीट रिकामी होती. मनोहरराव मागे बसले होते, भाड्याच्या टॅक्सीत बसावं तसे, आणि केदार स्टिअरिंगपाशी बसताच त्यांनी ड्रायव्हरला केबिनचा पत्ता सांगितला.