मोठ्या पडद्यावरच बघायचं

आमच्या घरात टीव्ही लावायला सतरा पायऱ्या आहेत. आमच्या ह्यांनी त्या कागदावर लिहून, कागदाला प्लॅस्टिक चढवून भिंतीवर चिकटवल्यात. नववी पायरी आहे, 'घाबरू नये.'

पूर्वी एक रिमोट होता, त्यावर एक बटण होतं, ते दाबलं की माणसं दिसायची. मग ह्यांनी टीव्हीखाली एक काळा कॉम्प्युटर आणून बसवला. का, तर सिनेमे, गाणी, फोटो, बातम्या, सगळं एकाच ठिकाणी. आता सगळं एकाच ठिकाणी असतं आणि एकदमच बंद पडतं. जुनी जोडणीही ह्यांनी काढून टाकली. दोन-दोन वायरी लोंबत ठेवणं म्हणे अडाणीपणा.

हे कार्यालयात नकाशे काढतात, पण खरी नोकरी इंटरनेटवर. तिथे असले कॉम्प्युटर घरी बसवणाऱ्यांचा एक गट आहे आणि त्यात ह्यांना 'गुरुजी' म्हणतात. कुणाचा आवाज गेला, कुणाचं चित्र अडकलं, की गुरुजी दोन मिनिटांत उपाय सांगतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आमच्याकडे दोन महिने सासूबाई बंद टीव्हीसमोर बसून भिंतीवरचा कागद वाचत होत्या.

तर त्या रविवारी सकाळी अकरा वाजता सासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा निरोपसमारंभ होता. ही मावशी दूरच्या गावी शाळेची मुख्याध्यापिका. सासूबाईंचे गुडघे असे, की स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येणं हाच मोठा प्रवास. म्हणून शाळेनं सोय केली होती, कार्यक्रम घरबसल्या थेट बघायची. पण संपला की संपला, साठवून ठेवणार नव्हते. तसं त्यांनी निरोपातच लिहिलं होतं.

"भाषण करील ना गं ती?" सासूबाईंनी आठवडाभर मला विचारलं.

"मुख्याध्यापिका आहेत त्या, आई. त्यांना भाषण करू नका म्हणून कोण सांगणार?"

"माझं नाव घेते का, बघू." म्हणाल्या हसत, पण मला काही हसू आलं नाही. ह्या दोघींची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा सातवीतून शाळा सोडून घर सांभाळलं ते सासूबाईंनी. धाकटी शिकली, मोठी झाली, आणि इतक्या वर्षांत त्यावर तिनं अवाक्षर काढलं नाही. सासूबाईंनीही कधी विचारलं नाही. विचारायच्या गोष्टी असतात का त्या?

शनिवारी संध्याकाळी, काय सांगू, तो कॉम्प्युटर चालला! चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. मी म्हटलं, "अहो, आता हात लावू नका. हात जोडते तुमच्यापुढे."

"मी काय वेडा आहे का?" हे म्हणाले.

रविवारी साडेनऊला बघते तर गुरुजी कीबोर्ड मांडीवर घेऊन बसलेले. गटातल्या कुणा उंटावरच्या शहाण्यानं कळवलं होतं, की नवीन अपडेट टाकलं तर बोलणं आणखी स्पष्ट ऐकू येतं. चालत्या गाडीला खीळ कशी घालावी हे शिकायचं असेल त्यानं आमच्याकडे यावं.

दहाला अपडेट संपलं आणि आवाज गेला. हे शांत. "साधी गोष्ट आहे." साधी गोष्ट करता करता साडेदहाला चित्रही गेलं. मग केबल बदलली. मग तीच केबल उलटी करून लावली. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर पडद्यावर टक्के मोजले जाऊ लागले, आणि चौऱ्याण्णवावर जे घोडं अडलं ते हलेना. सासूबाई ठेवणीतली साडी नेसून, चष्मा पुसून समोर बसलेल्या. बहिणीला त्या दिसणार नव्हत्या, हे मी सांगितलं होतं. "माहीत आहे," म्हणाल्या, पण साडी बदलली नाही.

अकराला पाच कमी असताना मी माझ्या फोनवर कार्यक्रम लावला. पाच सेकंद लागले. पायऱ्या दोन. सभागृह दिसलं, मावशी दिसल्या, टाळ्यासुद्धा ऐकू आल्या.

"आई, हे घ्या. इथे बघा."

"एवढ्याशा पडद्यावर?" हे टीव्हीमागून ओरडले. सोफ्याच्या बाजूला फक्त पाय दिसत होते. "आईच्या बहिणीचा कार्यक्रम आहे, काही चेष्टा आहे का? दोन मिनिटं थांबा. आणि तो आवाज बंद कर आधी, मला काही सुचत नाहीये."

मी फोन सासूबाईंच्या हातात कोंबला. त्यांनी क्षणभर बघितलं आणि परत केला. "राहू दे गं. एवढा राबतोय माझ्यासाठी. वाईट वाटेल त्याला."

"आणि तुम्हाला?"

"दोन मिनिटं तर म्हणतोय."

माझं डोकंच फिरलं. "बसा मग दोघं," म्हणाले आणि फोन बंद करून भांडी घासायला गेले. चुकलं माझं, साफ चुकलं. तो फोन त्यांच्या नाकासमोर धरून उभं राहायला हवं होतं मी. पण मलाही तेव्हा ह्यांची फजिती व्हायला हवी होती, सासूबाईंचं बघणं बाजूला राहिलं.

सव्वाबाराला हॉलमधून आरोळी आली, "आलं!"

वरातीमागून घोडं ते. भिंतभर पडदा, झळझळीत चित्र, त्यावर एकच ओळ: कार्यक्रम समाप्त झाला आहे.

"अक्षरं बघ आई, किती कोरीव!" हे म्हणाले.

"छान आहेत रे," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मावशी. सासूबाईंकडे दिला. मावशींचा आवाज एवढा मोठा, की मला शेजारी उभी राहून सगळं ऐकू येत होतं.

"ताई, बघितलंस ना?"

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. त्याच्या केसांना टीव्हीमागचं जळमट लागलं होतं आणि चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा आनंद होता.

"बघितलं की! मोठ्या पडद्यावर."

"मग? तुझ्याबद्दल बोलले ते चाललं ना तुला? किती वर्षं मनात होतं गं. आज सगळ्यांसमोर बोलून टाकलं. पुन्हा नाही जमायचं मला. रडलीस का?"

"रडले गं," सासूबाई म्हणाल्या, आणि खरंच रडायला लागल्या.

फोन ठेवला. हे कीबोर्ड घेऊन गटाला कळवत होते, 'प्रश्न सुटला.' सासूबाईंनी माझा हात धरून मला खाली वाकवलं आणि हळूच विचारलं, "काय बोलली असेल गं?"

मला रडू फुटलं आणि संतापही आला. आता ह्यांना असं सुनावणार होते की गटातल्या सगळ्यांना ऐकू गेलं असतं. पण सासूबाईंनी हात सोडला नाही.

"आई, आवाज लावतोय," हे म्हणाले. कुठलीशी बाई हवामानाचा अंदाज सांगायला लागली. "येतोय ना नीट?"

"येतोय रे बाळा," सासूबाई म्हणाल्या. "शब्द न् शब्द ऐकू येतोय."