क्लबला संत लागतो

आमच्या कॉलेजातला उद्योजक क्लब मी काढला. काढला म्हणजे, आधी व्हिजिटिंग कार्डं छापली. त्यावर 'दुन्या, संस्थापक-अध्यक्ष' असं ठसठशीत अक्षरांत होतं आणि खाली पत्ता म्हणून तळघरातली, बॉयलरशेजारची खोली. माझ्याखेरीज सभासद सात. कुणी रुसू नये म्हणून सातही जणांना मी संचालक करून टाकलं. एक वित्त संचालक, एक प्रसिद्धी संचालक, एक परदेश-संबंध संचालक. ज्याला काहीच येत नव्हतं त्याला धोरण संचालक केलं. दोन वर्षांत आम्ही भरपूर बैठका घेतल्या, बोधचिन्ह तीनदा बदललं आणि एक रुमालसुद्धा विकला नाही.

सातांपैकी वुकाशिनला मात्र खरंच काहीतरी करता यायचं. शरदात आमच्या निश शहरात बाल्कनीबाल्कनीत लाल ढोबळ्या मिरच्या भाजतात आणि घरोघरी त्यांची सालं काढताना बायकांची बोटं पोळतात. वुकाशिनने भंगारातल्या वॉशिंग मशीनच्या पिंपातून असं यंत्र बनवलं, की मिरच्या आत टाकल्या की भाजून, सोलूनच बाहेर. पण आणखी यंत्रं करायला पत्रा कापायला, वेल्डिंग करायला जागा हवी होती. ती नसल्यामुळे तो जर्मनीत काकाकडे फरशा बसवायला निघाला होता. नोव्हेंबरातल्या एका रविवारची बस ठरलेली होती.

मला तो जायला नको होता. त्याचं जाहीर कारण असं, की क्लबच्या पोस्टरवर मीच 'इथेच राहा, इथेच उभं करा' असं लिहिलं होतं, आणि आमचा एकमेव कामाचा माणूस जर्मनीत फरशा बसवत असताना ते पोस्टर कोणत्या तोंडाने लावायचं? दुसरंही कारण होतं, पण ते मी स्वतःशीही बोलले नव्हते.

जागा होती मिल्युतिनशेठकडे. खिडक्या-दारांचा कारखाना, मागे भलीमोठी रिकामी शेड. त्यांना सादरीकरणाला बोलावलं की त्यांची सेक्रेटरी म्हणायची, "शेठ मीटिंगमध्ये आहेत." शेठ कायम मीटिंगमध्येच असायचे. मग एके दिवशी आईला कोबीची पानं सुटी करून देताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सादरीकरणाला नाही म्हणता येतं. स्लावाला कोण नाही म्हणेल? घराघराचा आपला संत असतो, त्याच्या दिवशी दार उघडं असतं. फुटबॉल क्लबला संत आहे, पाणीपुरवठा खात्याला संत आहे, मग आम्हीच काय घोडं मारलंय?

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "घरच्या स्लावाला ताटं उचलायला सांगितलं की तुझी कंबर दुखते. आणि आता दारची स्लावा काढतेस?"

संत निवडायला बैठक बसली. सेंट निकोला बाद, कारण त्या दिवशी अर्धं गाव आपापल्या घरी जेवतं आणि वर उपवास, म्हणजे मांस नाही, नुसता मासा. सेंट जॉर्ज परीक्षेत येतो. कुणीतरी मॅथ्यूचं नाव काढलं. "अरे तो करवसुलीवाला!" वित्त संचालक किंचाळला. शेवटी कोझमा आणि दाम्यान हे जुळं सापडलं. त्यांचा दिवस नोव्हेंबरात, उपवास सुरू व्हायच्या आधी, म्हणजे डुक्कर भाजता येणार.

"होते कोण हे दोघं?" मी विचारलं.

"डॉक्टर," धोरण संचालक म्हणाला.

"डॉक्टर म्हणजे पैसा," वित्त संचालक म्हणाला. ठराव एकमताने मंजूर झाला.

स्लावाचं बोलावणं करायचं नसतं, फक्त कानावर घालायचं. मी सेक्रेटरीला फोन करून म्हटलं, "गुरुवारी आमच्या क्लबची स्लावा आहे. बोलावत नाही, सांगून ठेवतेय."

ती हळूच म्हणाली, "कुठला संत?" इतक्या फोनांत तिने मला पहिल्यांदाच काहीतरी विचारलं.

गुरुवारी मला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, आमच्या प्रसिद्धी संचालकाला प्रसिद्धी करता येते. दोन वर्षं हातावर हात धरून बसलेल्या या पठ्ठ्याने अख्ख्या वसतिगृहाच्या कानावर घातलं होतं. पोरं आली, पोरांबरोबर पाहुणे आले, कायदा शाखेवाले आले, बॉयलरवाल्याची सासू आली. आलेल्याला परत पाठवायची सोय नाही. डुक्कर बघता बघता संपलं. आईने हजार शिव्या देत करून दिलेले कोबीच्या पानातले सारमे गेले, बटाट्याचं सॅलड गेलं, राकिया दारूच्या बाटल्या आडव्या झाल्या.

दुसरी गोष्ट म्हणजे, यजमानाने बसायचं नसतं हे मी साफ विसरले होते. मिल्युतिनशेठ आले, कॉफीचं पाकीट आणि वाईनची बाटली घेऊन, अगदी रीतसर. मी लॅपटॉप तयार ठेवला होता. त्यात आलेख होते, बाण होते, भविष्य होतं. मी शेठपाशी जायची की कुणीतरी ओरडायचं, "यजमानीणबाई, इकडे पाव!" पाव दिला की "मीठ!" शेवटी कशीबशी शेठच्या कानाशी वाकून मी म्हटलं, "शेठ, आमची मिरचीच्या यंत्राची एक योजना आहे..."

"पोरी, संताच्या टेबलावर धंद्याच्या गोष्टी करतात का?" शेठ म्हणाले. "असं काय करतेस, बस जरा. नाही नाही, तू बसू नकोस. तो ग्लास भर."

अध्यक्ष झाल्यापासून माझा इतका पाणउतारा झाला नव्हता. मी ग्लास भरला.

तेवढ्यात शेठच्याच ताटात वाढायला काही उरलं नाही असं दिसलं. मी रडकुंडीला आले. वुकाशिन दारातून आत डोकावला आणि म्हणाला, "अध्यक्षबाई, रडू नका, पाव खारट होतो." आणि गेला. जरा वेळाने अंगणातून खरपूस वास आला. त्याने यंत्र ओढत आणलं होतं आणि मिरच्यांची पोती रिकामी करत होता. सोललेल्या मिरच्या, वर लसूण, तेल आणि पाव. लोक बशा घेऊन बाहेर धावले. शेठही गेले, तीनदा गेले. मी पाण्याचा जग घेऊन मागोमाग.

"यंत्र बेस आहे रे," शेठ म्हणाले.

"जागा मिळाली तर अजून करता येतील, शेठ," वुकाशिन म्हणाला.

"बघू," शेठ म्हणाले.

निशमध्ये 'बघू' म्हणजे नाही. हे शेंबड्या पोरालाही कळतं. वुकाशिनने मान डोलावली आणि पुढचा घाणा टाकला. मला जग शेठच्या डोक्यावर ओतावासा वाटला, पण पाहुणा देवासमान, म्हणून ग्लासात ओतलं.

पाद्रीबुवा आले तेव्हा दिवस कलला होता. या जुळ्या संतांची घरं शहरात पुष्कळ, सगळीकडे संताच्या नावाचा पाव कापून आमच्याकडे यायला त्यांना उशीर झाला होता. मेणबत्ती लावली. बुवांनी विचारलं, "तुमची संस्था करते काय?"

"उद्योजकतेचा प्रसार," मी म्हटलं.

बुवा इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "आणि संत हे घेतलेत? अगं पोरी, या दोघांनी जन्मभर लोकांना फुकट बरं केलं! एकदा दाम्यानने एका बाईकडून तीन अंडी घेतली, तर कोझमा म्हणाला, मला याच्या शेजारी पुरूसुद्धा नका."

सगळ्यांनी वित्त संचालकाकडे पाहिलं. त्याने चाचरत विचारलं, "बुवा, संत बदलून मिळेल का?"

"संत म्हणजे काय मोबाईलचा प्लॅन आहे का रे?" बुवा म्हणाले आणि त्यांनी पाव हातात घेतला. "बरं, पुढच्या वर्षीचा यजमान कोण? अर्धा पाव कुणाचा?"

हे तर माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मंडळाची स्लावा असली की अर्धा पाव दुसऱ्याने घ्यायचा, आणि जो घेतो त्याने पुढच्या वर्षी इथेच, याच दिवशी दार उघडायचं. पाव घेऊन पळालेला माणूस मी तरी ऐकलेला नाही. मी संचालक मंडळाकडे पाहिलं. परदेश-संबंध संचालक ल्युब्लियानाला निघाला होता, धोरण संचालक व्हिएन्नाला. उरलेले आपापल्या बुटांचं निरीक्षण करत होते. शेठ म्हणाले, "माझ्या घरी माझा संत आहे, बाबा." बुवा पाव धरून उभे.

वुकाशिन दारात उभा होता, कोपरापर्यंत काजळी. मी त्याच्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "क्लबच्या सातत्याच्या दृष्टीने..."

"दुन्या, गप," तो म्हणाला. "मी राहावं असं तुला वाटतं का? क्लबला नाही. तुला."

सगळे बघत होते. बॉयलरवाल्याच्या सासूने तर चष्मा चढवला. माझ्या लॅपटॉपात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. "हो," मी म्हटलं, आणि मला एकदम रडू आलं.

तो नळाखाली हात धुऊन आला आणि सगळ्यांसमोर त्याने काकाला फोन लावला. काकाचा आवाज असा, की स्पीकरची गरज नाही.

"काका, मी रविवारी येत नाही."

"डोकं फिरलं का तुझं? तिकडे नोकरी लागली?"

"नाही."

"जागा मिळाली?"

"नाही. पाव घेतोय. क्लबच्या स्लावाचा."

काकाचा आवाज एकदम उतरला. "कुठला संत?"

"कोझमा आणि दाम्यान."

काकाने मोठा उसासा टाकला. "पाव घेतलास म्हटल्यावर मी काय बोलणार? डुक्कर आत्ताच सांगून ठेव, ऐनवेळी चांगलं मिळत नाही."

बुवांनी आम्हाला समोरासमोर उभं केलं. एका बाजूने मी पाव धरला, दुसऱ्या बाजूने त्याने, आणि गोल फिरवत आम्ही तो मोडला. त्याच्याकडे नोकरी नव्हती, जागा नव्हती, आणि पुढच्या नोव्हेंबरात वसतिगृहभर माणसं जेवू घालायची होती. दोन वर्षांच्या खटाटोपानंतर आमच्या उद्योजक क्लबने निश शहरात एक बेकार वाढवला होता, आणि मला आनंदाने आभाळ ठेंगणं झालं होतं.