दारातली बाई

चप्पल काढण्याआधीच धाकटीला आतून माउसची टिकटिक ऐकू आली. ताई लॅपटॉपसमोर बसली होती, खुर्चीच्या अगदी कडेवर, परक्याच्या घरी बसावं तशी. पडद्यावर एक दार होतं, दारात पिशवी घेतलेली बाई, आणि खाली तीन वाक्यं.

धाकटी घाईने आत आली.

"अगं, ते अजून अर्धवट आहे."

"तू चालूच ठेवून गेलीस. बंद कसं करायचं कळेना, म्हणून दाबत बसले."

गेल्या आठवड्यात ताई एका पिशवीनिशी आली होती. "थोडे दिवस राहते," एवढंच म्हणाली होती. कॉलेजजवळच्या या एका खोलीत तेव्हापासून ती धाकटीचे कपडे इस्त्री करत होती, घासलेली भांडी पुन्हा घासत होती, आणि संध्याकाळी भावजींचा फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घेत होती. ते दार नीट लागत नसे. धाकटी आत बसून व्हिडिओ गेमच्या लेखनाचा गृहपाठ करायची: एक पात्र, एक पेच, खेळणाऱ्यासाठी तीन पर्याय. काही केल्या सुचत नव्हतं. मग एकदा गॅलरीतून वाक्य आलं, "मी रागावून नाही आले, दमून आले." तिने ते लिहून घेतलं. त्यानंतर तिला थांबवेना.

वर्गात सरांनी त्याचा कच्चा खर्डा मोठ्याने वाचून दाखवला. "ही बाई खरी आहे," ते म्हणाले. "कुठून आणलीस?"

"सुचली," ती म्हणाली होती. टाळ्या पडल्या तेव्हा तिचे कान तापले. सगळ्यांना वाटलं, लाजली.

आता ताईने पडद्यावर बोट ठेवलं.

"हे माझं आहे."

"ताई, मी..."

"हेही माझंच. हे मात्र तू घातलंस. मी इतकं गोड बोलत नाही."

ताई हसली की काय, ते मागून दिसेना. धाकटीने पाण्याची बाटली उचलली आणि न पिताच खाली ठेवली.

"मी तिन्ही करून पाहिले," ताई म्हणाली. "परत जा म्हटलं, जाऊ नकोस म्हटलं, नुसतं गप्प बसवलं. काहीही केलं तरी ही आपली दारातच उभी. माझंच काही चुकतंय का?"

"नाही, ते तसंच केलंय. प्रत्येक पर्यायाचं पुढचं लिहीत बसलं तर वर्ष जाईल. म्हणून सगळ्या वाटा फिरवून एकाच जागी आणायच्या. खेळणाऱ्याला वाटतं, आपण निवडलं."

"आणि कुणाला कळत नाही?"

"एकदाच खेळलं तर नाही कळत."

ताईने पुन्हा एक पर्याय दाबून पाहिला.

"मला वाटलं, तू हेच शिकतेयस, तर तुला ठाऊक असेल. पुढे काय होतं ते."

सरांनी नेमकं याच चलाखीचं सर्वांत जास्त कौतुक केलं होतं.

"मी काढून टाकते," धाकटी म्हणाली. "दुसरं काहीतरी लिहून देईन."

"आणि नापास झालीस म्हणजे?"

"होऊ दे."

"उगाच शहाणपणा करू नकोस."

तेवढ्यात फोन वाजला. ताई उठली. गॅलरीत न जाता या वेळी ती तिथेच खिडकीला टेकली. तिच्या खुर्चीत धाकटी बसली. गेम बंद करून तिने संवादांची फाइल उघडली, खोडायला म्हणूनच.

भावजी बराच वेळ बोलत असावेत. ताई खिडकीच्या काचेवरचा रंगाचा ठिपका नखाने खरवडत ऐकत होती. मग तिने हात थांबवला.

"न्यायला येऊ नका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "यायचं ठरलं तर मला रस्ता माहीत आहे."

फोन ठेवून ती वळली. धाकटीची बोटं कीबोर्डवर होती. ती तिथे कधी गेली, तिचं तिलाच कळलं नव्हतं. तीन पर्यायांखाली चौथी ओळ उमटली होती: न्यायला येऊ नका. यायचं ठरलं तर

दोघींनी ती वाचली.

"आधीची वाक्यं ठेव," ताई म्हणाली. "ती बोलून झालीत. हे नको घेऊस. हे मला अजून लागणार आहे."

धाकटी एकेक अक्षर खोडू लागली. ओळ पूर्ण कोरी होईपर्यंत ताई तिच्या खांद्याशी उभी होती.