ढकलून उघडायचं झाकण

रत्ना पष्टे मुरबाडच्या एमआयडीसीतल्या झाकणांच्या कारखान्यात अठरा वर्षं कामाला होती, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं तिने एक गोष्ट सगळ्यांपासून लपवून काढली होती. तिला झाकणं उघडता येत नव्हती.

आणि काम तर तेच होतं. दर तासाला प्रत्येक मशीनखालची पाच झाकणं उचलायची, पाणी भरलेल्या बाटल्यांवर बसवायची, बाटल्या उलट्या करून गळतंय का बघायचं आणि झाकणं परत काढायची. दिवसाला दोनशेच्या वर. त्या पिळण्यानेच तिच्या उजव्या अंगठ्याचं बूड गेलं होतं. भाकरी थापताना काही व्हायचं नाही, थापायला तळवा लागतो. पण चिमटीत काही धरून पिळलं की कळ थेट कोपरापर्यंत जायची. दवाखान्यात डॉक्टरांनी हात दाबून बघितला, म्हणाले, सांधा झिजलाय, पिळायची कामं बंद करा. रत्नाने मान हलवली आणि बाहेर येऊन घरी जायला वैशाखऱ्याची एसटी पकडली. ती कंत्राटावर होती. पिळायचं बंद म्हणजे कारखानाच बंद, हे कळायला डॉक्टरांची गरज नव्हती.

मग तिने आपल्यापुरता मार्ग काढला. सायकलच्या ट्यूबचा दोन बोटं रुंद तुकडा कापून खिशात ठेवला. सुपरवायझर विनोद मशीनकडे वळला की ती त्याच्याकडे पाठ करायची, बाटली डाव्या कोपरात दाबायची, झाकणावर ट्यूब चढवायची आणि बोटांनी न धरता तळव्याच्या बुडाने खांद्याचा जोर लावून झाकण ढकलायची. झाकण फिरायचं. दोन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते रुचिताच्या.

रुचिता ही डिझाइनचं काम बघणारी नवी मुलगी. सापगावची, प्लास्टिकचा डिप्लोमा केलेली. रोज किन्हवलीमार्गे स्कूटीवरून यायची. येऊन सहाच महिने झाले होते आणि तिच्या गळ्यात एक अवघड काम पडलं होतं. सांधेदुखीचं तेल बनवणारी कल्याणची एक कंपनी बरीच वर्षं इथून झाकणं घ्यायची. आता त्यांच्याकडे तक्रारींचा ढीग जमला होता. ज्यांची बोटं आखडलीत, सांधे सुजलेत, तीच माणसं ते तेल घेणार, आणि नेमकं त्यांनाच बाटलीचं झाकण उघडत नव्हतं. कोण दाराच्या फटीत अडकवून पिळत होतं, कोण दातांनी. एका आजोबांनी तर बाटलीच्या खांद्याला सुरीने भोक पाडलं होतं आणि तसा फोटो मुलाकडून कंपनीला पाठवला होता.

रुचिताने झाकण थोडं सैल केलं तर उन्हाळ्यातल्या ट्रकमध्ये तेल गळलं. घट्ट केलं तर पुन्हा तेच रडगाणं. तीन नमुने झाले, तिन्ही नापास. झाकण फिरवायला किती जोर लागतो ते दाखवणारं एक मीटर तिच्या टेबलावर होतं. त्यावर आकडा दर वेळी बरोबर यायचा आणि तक्रार काही जायची नाही.

चौथा नमुना घेऊन ती दुपारी रत्नाच्या टेबलाशी आली.

"रत्नाताई, एवढे वीस बघून देता? उघडायला कसे वाटतात सांगा."

आता ही समोरच उभी. रत्नाने पाठ फिरवायचा प्रयत्न केला, बाटली कोपरात घेतली, आणि घाईत ट्यूबचा तुकडा हातातून सुटून रुचिताच्या चपलेशी पडला. दोघींनी तो बघितला. रुचिताने वाकून उचलला, बोटांत ताणून बघितला, मग रत्नाच्या अंगठ्याकडे बघितलं. बुडाशी सुपारीएवढी गाठ आली होती.

"कधीपासून?"

"मॅडम, वर सांगू नका," रत्ना हळू आवाजात म्हणाली. "माझं काम चोख असतं. एक पीस चुकीचा गेला नाय माझ्या हातून."

"मी काही सांगणार नाही. पण आत्ता जसं उघडत होतात तसं परत उघडून दाखवा. माझ्याकडे तोंड करून."

रत्नाला आधी थोडा रागच आला. ही आपली गंमत बघतेय की काय, असं वाटलं. पण मुलगी टेबलाच्या कडेला बसली होती, वही उघडून, आणि तोंडावर हसू नव्हतं. रत्नाने बाटली कोपरात घेतली आणि ट्यूब चढवून झाकण उघडलं. मग दुसरं. रुचिता म्हणाली, हळू. मग तिसरं उघडलं, हळू.

"तुम्ही झाकण धरतच नाही," रुचिता म्हणाली.

"धरायला चिमूट कुठे आहे? तुमचं झाकण धरूनच पिळायला लागतं. बोटांत जोर असला तर ठीक. नसला तर माणसाकडे राहतो खांदा. आमी जातं ओढायचो ते काय बोटांनी ओढायचो? खुंट्याला तळवा लावायचा नि अंग झोकायचं. मला तुमच्या झाकणाला ढकलायला कायतरी द्या. धरायला नको."

रुचिताने वहीत काहीच लिहिलं नाही. तिने त्या गुळगुळीत, बारीक रेषांच्या झाकणावर स्वतःचा तळवा टेकून बघितला. मग म्हणाली, "उद्या सकाळी दहाच्या चहाला माझ्याकडे याल?"

रत्ना गेली, पण रिकाम्या हाताने नाही. आदल्या संध्याकाळी तिने नळाची गळती बुजवायचं पुटीन घरी मळून एका झाकणाला कडेने एक मोठा उंचवटा लावला होता. त्याला ढकलून बघितलं तर बाटलीच कलंडत होती. मग समोरासमोर दोन लावले. ते बरे होते, पण हात नेमका मध्ये पडला की पुन्हा चाचपडायला लागायचं. शेवटी तीन लावले. अंगठ्याएवढे जाड, मध्ये रुंद खाचा. बाटली कशीही उचलली तरी एक उंचवटा तळव्याखाली येतच होता.

रुचिताने ते ओबडधोबड झाकण हातात घेतलं, बाटली कोपरात दाबली आणि तळव्याने ढकललं. झाकण सरकन फिरलं. तिने ते परत लावलं आणि परत उघडलं. सहा-सात वेळा.

"गळायचं माझ्यावर सोडा," ती म्हणाली.

गळती थांबवायला तिने झाकणाच्या आत एक पातळ, लवचीक, ओठासारखा काठ ठेवला. तो बाटलीच्या तोंडात नीट बसायचा आणि तेल अडवायचा, त्यामुळे झाकण आवळून ठेवायची गरज उरली नाही. आटेही बदलले. पूर्वी झाकण दोन वेढे फिरवायला लागायचं, आता अर्ध्या वेढ्यात सुटत होतं. टूलरूममधल्या देवरामभाऊंनी एका झाकणाचा साचा बनवून दिला. विनोदने मात्र तोंड वाकडं केलं.

"असलं तीन कोपऱ्यांचं झाकण खोक्यात किती मावणार? नि तेलवाल्यांच्या भरायच्या मशीनवर चालणार कसं? मॅडम शिकलेल्या आहेत, पण लाइनवर कधी उभ्या राहिल्यात काय?"

बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. रुचिताने उंचवटे थोडे बुटके केले, वरचा भाग सपाट केला, कडा गोल केल्या. प्रत्येक वेळी ती नमुना आधी रत्नाकडे आणायची आणि रत्ना स्पष्ट सांगायची. हे बोचतंय. हे निसटतंय. हे बरं आहे, पण कालचं जास्त बरं होतं.

गळतीच्या चाचणीत शंभरातल्या शंभर बाटल्या कोरड्या निघाल्या, तेव्हा रत्ना म्हणाली, "दहा बाटल्या मला द्या. माझा हात आता या झाकणाला सरावला. ज्याने बघितलं नाय त्याच्या हातात देऊया."

वैशाखऱ्याच्या पुढच्या वाडीत गुणाबाई राहायची. तरुणपणी दोघींनी एकाच खाचरात भात लावला होता. तीन वर्षांपूर्वी गुणाबाईची उजवी बाजू लुळी पडली, तेव्हापासून तिला साधी तेलाची बाटलीही कुणाकडून तरी उघडून घ्यावी लागायची. सून मजुरीला गेली की संध्याकाळपर्यंत वाट बघायची. रत्नाने काही न सांगता बाटली तिच्यापुढे ठेवली. गुणाबाईने ती दोन गुडघ्यांत धरली, डावा तळवा झाकणावर फिरवला, एक उंचवटा हाताला लागला तसा रेटला. झाकण निघालं.

गुणाबाई झाकणाकडे बघत राहिली. "उघडला गो," ती म्हणाली. मग परत लावून परत उघडलं. रत्ना निघेपर्यंत तिचं तेच चाललं होतं.

पण दोन दिवसांनी रत्ना परत गेली तेव्हा गुणाबाईच्या गोधडीला तेलाचा मोठा डाग पडला होता.

"मी लावला होता गो झाकण," गुणाबाई ओशाळून म्हणाली. "पण पुरता बसला का नाय, मला कसं कळणार? एकट्या डाव्या हाताला तेवढं समजत नाय."

रत्नाने हे तसंच्या तसं रुचिताला सांगितलं. रुचिता कपाळाला हात लावून बसली. उघडायच्या नादात बंद करायचा विचार कुणीच केला नव्हता. आठवडाभराने नवीन नमुना आला. झाकण पुरतं बसलं की आतून 'टक' असा आवाज यायचा, चांगला खणखणीत, दुसऱ्या खोलीतही ऐकू जाईल एवढा. गुणाबाईने तो ऐकला आणि बाटली आडवी करून गोधडीवर ठेवली. थेंबही आला नाही.

मग कल्याणच्या कंपनीची माणसं नमुना बघायला आली. खरेदीचं बघणारा ओमकार हा तिशीतला, व्यायामाने कमावलेल्या हातांचा माणूस. कारखान्याचे मालक देसले साहेब टेबलाच्या टोकाला बसले होते, विनोद मागे उभा होता. आदल्या दिवशी रुचिताने रत्नाला विचारलं होतं, याल का आत. "हात दाखवायची जबरदस्ती नाही, मी मीटरवर दाखवीन," असंही म्हणाली होती. रत्ना नमुन्यांचा ट्रे घेऊन दाराशी उभी राहिली. काय करायचं ते तिचं अजून ठरलं नव्हतं.

ओमकारने जुनं झाकण दोन बोटांत सहज उघडलं. नवीन ढकलून उघडलं. मीटरवरचे आकडे बघितले.

"फरक थोडाच आहे," तो म्हणाला. "मला तर जुनंही उघडतंय. एवढ्यासाठी नवीन साचा, नवीन खोकी, आमच्या मशीनमध्ये बदल... वर काय सांगू मी?"

देसले साहेबांनी रुचिताकडे बघितलं. रुचिता आकड्यांचा अर्थ समजावू लागली, पण ओमकारने फोन हातात घेतला होता. रत्नाने ट्रे टेबलावर ठेवला.

"साहेब, तुमच्याच बाटलीतलं थोडं तेल हाताला चोळा," ती म्हणाली.

"काय?"

"तुमचं गिऱ्हाईक तेल लावून झाल्यावर झाकण लावतं, नि रात्री परत लावायला उघडतं. कोरडा हात त्याला मिळतो कुठे? चोळा थोडं. दोन्ही हातांना."

ओमकार हसला, पण त्याच्या बरोबर आलेल्या माणसाने बाटली पुढे केलीच. ओमकारने हातांना तेल चोळलं आणि जुनं झाकण धरलं. बोटं सटकली. पुन्हा धरलं, दात आवळले, मनगटाच्या शिरा फुगल्या. झाकण जागचं हललं नाही. मग नवीन घेतलं, तळवा टेकला आणि ते टेकल्याबरोबर फिरलं. त्याने लावलं. टक झालं. त्याने परत उघडलं. आता तो हसत नव्हता.

"आणि हे बघा," रत्ना म्हणाली. तिने उजवा हात टेबलावर उपडा ठेवला, गाठ सगळ्यांना दिसेल असा. "दोन वर्षं झाली, मला तुमचं जुनं झाकण बोटांनी उघडत नाय. आमच्या साहेबांपासून मी लपवलं होतं. हे नवीन असं उघडते मी." तिने ते कोपरात धरून उघडलं, बंद केलं, उघडलं. सहज, बोलता बोलता. "आमच्याकडे गुणाबाई म्हणून आहे, ती एका हाताने उघडते. वर एवढंच सांगा."

मग ओमकारने रुमालाला हात पुसले आणि देसले साहेबांना विचारलं, "मोठा साचा कधीपर्यंत तयार होईल?"

पाहुण्यांच्या गाड्या फाटकाबाहेर गेल्यावर देसले साहेबांनी रत्नाला बोलावलं. ती मन घट्ट करून गेली. काय ऐकायला लागेल याची तिने तयारी केली होती.

"अठरा वर्षं झाली नं तुम्हाला, रत्नाबाई?" ते म्हणाले. "उद्यापासून त्या टेबलावर बसू नका. रुचिताच्या खोलीत बसा. जे नवीन झाकण बनेल ते आधी तुमच्या हातातून जाईल. तुम्हाला उघडलं तरच पुढे जाईल. कंत्राट आता नको, तुम्हाला कायम करायचे कागद मी बनवायला सांगितलेत."

रत्ना बाहेर आली तेव्हा दाराशी विनोद होता. त्याने थोडा वेळ चपलेने फरशी खरवडली.

"बाई, खोक्याचं मी बघतो," तो म्हणाला. "उलटसुलट रचली तर पूर्वीइतकीच मावतात. मोजून बघितलंय मी."

मोठा साचा मशीनवर चढला त्या सकाळी अख्खी पाळी भोवती जमली. साचा उघडला आणि सोळा झाकणं एकदम खाली पडली, गरमगरम, पांढरीशुभ्र. रुचिताने त्यातलं पहिलं उचलून रत्नाच्या हातात ठेवलं. बाकीच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या तरी रत्ना लाजली नाही. तिने झाकण बाटलीवर बसवलं, टक ऐकलं आणि सगळ्यांना दिसेल असं ते ढकलून उघडलं. मग रुचिताने आराखड्याचा कागद आणला. खाली उजव्या कोपऱ्यात दोन नावं छापली होती, एक तिचं आणि दुसरं रत्ना पष्टे. रत्नाने आपल्या नावावरून तळवा फिरवला आणि त्याच्यापुढे सही केली.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी ती मुरबाडच्या स्टँडसमोरच्या मेडिकलमध्ये उभी होती. शेजारी एका म्हाताऱ्या बाबांनी तेच तेल विकत घेतलं होतं. दुकानदाराने सवयीने विचारलं, "उघडून देऊ का?" बाबांनी नको म्हणून मान हलवली, काठी काखेत अडकवली, बाटली पोटाशी धरली आणि तळव्याने झाकण ढकललं. उघडलं तसं वास घेतला, परत लावलं. टक झालं.

"बाबा, ते झाकण आमी केलंय," रत्ना म्हणाली. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे नीट बघितलं. मग तिच्या हाताकडे.

"चांगलं केलंस," ते म्हणाले, आणि बाटली पिशवीत टाकून रस्त्याला लागले.