जपून वापरलेला वारा

आश्विन उतरला की मेंढेवाडीच्या पठारावरून वारा निघून जातो. आषाढात छपरं उचलणारा, श्रावणात गवताच्या लाटांवर लोळणारा, भाद्रपदात मेघांचे कळप पूर्वेला हाकणारा तो उद्दाम, उन्मत्त वारा एके सकाळी नुसता नसतो. उरतं ते ऊन. पिवळंधमक, निश्चल, जडशीळ ऊन. आणि त्या उन्हात निळ्या आकाशाला पाठ टेकून उभ्या राहिलेल्या पवनचक्क्या. शुभ्र, उत्तुंग, मौन. गावाला याचं काही वाटत नाही, दरवर्षीचंच आहे.

यंदा मात्र सगुणा कोळेकर धास्तावली.

कोंबड्यांना दाणे टाकता टाकता तिनं वर पाहिलं. एक पातं हलेना. दुसरं हलेना. क्षितिजापर्यंत एकही पातं हलेना. मुठीतली ज्वारी मुठीतच राहिली. ती धावत आतल्या खोलीत गेली. तिथं लाकडी पेटीत, पिवळ्या दिव्यांच्या उबेत, दोनशे अंडी निजली होती. दिवे लागलेले होते. तिनं पेटीवर तळवा ठेवला. ऊब होती. अजून होती.

त्याचं असं झालं होतं. श्रावणात वीज कंपनीच्या पाटोळे मॅडम वाडीत आल्या होत्या. शाळेच्या वर्गात बसून त्यांनी सांगितलं की आता ग्राहकाला मागता येतं, माझ्या घरची वीज वाऱ्याची हवी. एक अर्ज, एक सही, युनिटमागे थोडे जास्तीचे पैसे. बाहेर वारा खिडक्या बडवत होता. सगुणाचं बालपण त्याच वाऱ्यात मेंढरं राखण्यात गेलेलं. त्यानं तिचं घोंगडं पळवलं होतं, डोळ्यांत माती भरली होती, कुशीतली कोकरं गारठवली होती. तोच आता घरी राबायला येतो म्हणतोय! तिनं सगळ्यांआधी हात वर केला. वाडीतली ती पहिली, आणि अजून तरी एकटीच. वारा पडला तर काय, हे त्या दिवशी तिनं विचारलं नाही.

अंडी तिची एकटीची असती तर गोष्ट निराळी होती. ती अकरा घरांची होती. बचत गटानं पेटी विश्वासानं तिच्या हवाली केली; बायकांनी आपापल्या खुराड्यातली अंडी ओच्यातून आणली, प्रत्येकीनं आपल्या अंड्यांवर खूण केली. पहिलीच खेप, अकरावा दिवस. तासभर लाइट जाणं तिला नवं नव्हतं. पेटीवर गोधडी टाकली की ऊब टिकते. पण हा वारा चैत्राशिवाय काही परतत नाही. अंड्यातला जीव तोवर थांबत नाही.

मग दिवे कसे लागले होते? तिनं आपल्यापुरतं उत्तर काढलं. मागचा वारा असणार. तारांत, खांबांत, मीटरच्या डब्यात उरलेला. आणि उरलेली वस्तू जपून वापरायची असते.

त्या संध्याकाळपासून कोळेकरांच्या घरात अंधार नांदू लागला. टीव्ही मुका झाला. स्वयंपाकघरातला दिवा विझला, चुलीच्या तांबूस उजेडात भाकरी थापली जाऊ लागली. मिक्सर माळ्यावर गेला. आणि तिच्या नवऱ्याचा, सिदूअण्णांचा लाडका पंखा, भर आश्विनाच्या काहिलीत, बंद झाला. अण्णा मुळातच घामट माणूस.

"अगं, पंका का बंद केलास?"

"अंगाला बरा न्हाई त्यो. हाडं धरत्यात."

"माजी हाडं काय म्हनत न्हाईत."

"म्हनतील."

अण्णा बिचारे उघड्या अंगानं उंबऱ्यावर बसून पुठ्ठ्यानं वारा घेत राहिले. खरं कारण तिनं सांगितलं नाही. लाज वाटत होती. सगळ्यांआधी हात वर कुणी केला, हे निघालं असतं. आणि लाजेहून मोठी होती धास्ती. दिवसातून दहादा ती पेटीपाशी जाई, अंडी फिरवी, एखादं दिव्यासमोर धरी. आत रक्तरेषांचं रेशमी जाळं, आणि मधोमध थरथरणारा काळा ठिपका. हलतोय. अजून हलतोय. मग ती अंगणात येई, पठाराकडे बघे. हलत नाहीत. अजून हलत नाहीत. तिचं जेवण तुटलं.

पाचव्या दिवशी दुपारी पाटोळे मॅडम आल्या. हातात सोनेरी कडांचा कागद होता. वाडीतली पहिली पवनवीज ग्राहक म्हणून कंपनीनं दिलेलं प्रशस्तिपत्र. सगुणानं ते हातात घेतलंच नाही.

"मॅडम, माजं नाव काढा त्यातनं. आजच्या आज काढा."

"का हो, सगुणाबाई?"

तिनं पठाराकडे बोट केलं. आणि मग साठलेलं सगळं बाहेर पडलं. अंडी, अकरा घरं, उरलेला वारा, बंद पंखा. उंबऱ्यावर अण्णांचा पुठ्ठा हवेतच थांबला.

मॅडमना हसू आलं असावं, पण त्या हसल्या नाहीत. अंगणातल्या बाजेवर टेकल्या.

"तुमच्या म्हशीचं दूध कुठं घालता?"

"संघात."

"म्हैस आटली की कोरा चहा पिता?"

"न्हाई वं. संघाची पिशवी आनतो की."

"त्यातलं दूध कुणाच्या म्हशीचं?"

"काय ठावं? समद्यांचं एकातच मिसळल्यालं असतंय."

"वीजही तशीच. धरणाची, कोळशाची, उन्हाची, वाऱ्याची, सगळी तारेत एक होते. तुम्हाला वर्षाला जेवढी लागते तेवढी वाऱ्याची वीज कंपनीनं त्यात घालायची, एवढंच तुमच्या सहीनं ठरलंय. आषाढात भरपूर पडते, आत्ता कमी. तुमचा दिवा काही त्या चक्कीला बांधलेला नाही."

सगुणानं आतल्या खोलीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "म्हंजी वारं न्हाई आलं, तरीबी पिल्लं..."

"तरीही."

छातीवरची धोंड सरकली. पाच दिवस आवळून धरलेला श्वास सुटला, खांदे सैल झाले, आणि ती एकाच वेळी रडली आणि हसली. केवढं बरं वाटलं तिला! "मग ऱ्हाऊ द्या माजं नाव," ती म्हणाली, आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. सिदूअण्णा केव्हाच उठले होते. आतून पाचावर लावलेल्या पंख्याचा आवाज येत होता.

एकविसाव्या दिवशी, कोवळ्या सोनसळी उन्हात, अकरा घरच्या बायका पेटीभोवती दाटल्या. पठार तसंच निर्वात, निःशब्द. आणि आत, पिवळ्या प्रकाशात, एका कवचाला तडा गेला. मग दुसऱ्याला. मग इथं, तिथं, कोपऱ्यात, कडेला. चोचींची टिकटिक, ओल्या पंखांची धडपड, चिवचिवाटाची भरती. सगळी फुटली नाहीत. पाच-पंचवीस राहिली, तशी ती राहतातच. पण दुपारपर्यंत पेटीत पाऊल ठेवायला जागा उरली नाही.

"सगुणे," शेजारची लंकाबाई म्हणाली, "चक्क्या तर समद्या निजल्यात. मग ही ऊब आली कुठनं गं?"

"संघातनं," सगुणा म्हणाली. कुणालाच काही कळलं नाही, तरी सगळ्या हसल्या.

तिनं एक वाळलेलं, हळदुलं पिल्लू उचललं. तळहातावर त्याचं काळीज धडधडत होतं. त्याच्या पाठीवर टरफलाचा एक कपटा अडकला होता, नखाएवढा. तिनं ओठ जवळ नेले, आणि हलकी, अगदी हलकी फुंकर घातली.